कोल्हापूरच्या उपनगरात आजची फुलं आजच घरपोच: नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

त्याच दिवशी फुलं घरपोच द्यायची म्हटली की बहुतेकजण आधी दुकानाचं नाव ठरवतात, मग इन्स्टाग्रामवर पान काढतात आणि सगळ्या शहराला 'कुठेही पोहोचवू' असं सांगून बसतात. गाडं अडतं ते तिथंच. बावड्याची एक ऑर्डर आणि कळंब्याची दुसरी, दोन्ही पाचच्या आत, गाडी एक. त्यात जरबेऱ्यानं मान टाकली की दोन्हीकडचे फोन सुरू. म्हणून सुरुवात फुलांपासून नको, नकाशापासून करा.

आधी हद्द ठरवा

कोल्हापूरच्या उपनगरांचे ढोबळ चार पट्टे पडतात. दक्षिणेला जवाहरनगर, सुभाषनगर, आर. के. नगर, मोरेवाडी, पाचगाव, कळंबा. पश्चिमेला फुलेवाडी, आपटेनगर, साने गुरुजी वसाहत. उत्तरेला कसबा बावडा, कदमवाडी, रुईकर कॉलनी. पूर्वेला उचगाव, गांधीनगर. यातला एकच पट्टा घ्या, तुम्ही राहता तोच. ठिकाणापासून चार किलोमीटर, किंवा स्कूटरवर वीस मिनिटं, एवढीच हद्द. एवढ्यात एक माणूस तासाला दोन, पत्ते ओळखीचे असले तर तीन ठिकाणी पोहोचतो. म्हणजे दोन तासांच्या एका फेरीत एका गाडीच्या चार ते पाच ऑर्डरी. सहावी आली तर 'पुढच्या फेरीत देतो' म्हणा. या धंद्यात सगळ्यात आधी शिकायचा शब्द म्हणजे 'नाही', आणि तो पैसे घ्यायच्या आधी म्हणायचा असतो.

फेऱ्या तीन पुरतात. सकाळी दहापर्यंतची ऑर्डर अकरा ते एकच्या फेरीत, दुपारी दोनपर्यंतची चार ते सहाच्या, पाचपर्यंतची साडेसहा ते साडेआठच्या. एप्रिल-मेमध्ये पहिली फेरी तासभर अलीकडे ओढा, म्हणजे ऑर्डरी नऊलाच बंद करा आणि दहाला निघून बाराला परत या. बारा ते चारच्या उन्हात फुलांना रस्त्यावर काढू नका. रात्री बाराच्या 'सरप्राइज'ची मागणी येतेच. पहिलं वर्षभर ती घेऊ नका. बंद फाटक, मोकळी कुत्री, झोपलेला वॉचमन आणि उचलला न जाणारा फोन, या सगळ्यांची किंमत बिलात लावता येत नाही.

विकायची फुलं मोजकीच

यादी जितकी लांब, तितकी संध्याकाळची कचऱ्याची बादली जड. सुरुवातीला डच गुलाब (लाल आणि एक फिका रंग), जरबेरा, निशिगंध, शेवंती. भरीला जिप्सी (बारीक पांढरी फुलं) आणि कामिनीचा पाला. यातून दोन मापांचे बुके, एक बास्केट आणि एक हार एवढंच बनवा. कार्नेशन, लिली, ऑर्किड आदल्या दिवशी मागणी असेल तरच. डच गुलाबाची गड्डी वीस काड्यांची, जरबेऱ्याची दहाची, कार्नेशनची वीसची. झेंडू आणि शेवंती किलोवर. मोजमाप तोंडपाठ हवं, कारण ऑर्डर घेताना हिशेब गड्डीत करावा लागतो.

पहिल्या दिवसाची खरेदी अशी असावी: गुलाबाच्या तीन गड्ड्या, जरबेऱ्याच्या तीन, निशिगंधाच्या वीस काड्या, जिप्सीची एक गड्डी, कामिनीच्या दोन. यात दहा-दहा फुलांचे सात बुके आणि एक लहान बास्केट होते. तेवढंही विकलं गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी गुलाबच तेवढे हाती राहतात. म्हणून सुरुवातीला जरबेऱ्यापेक्षा गुलाबात एक गड्डी जास्त झाली तरी चालते, उलटं नको.

बाजारात काय बघायचं

शहरात शिंगोशी मार्केटच्या फुलबाजारात पहाटे जाणं हा सरळ रस्ता. जरबेरा आणि डच गुलाबासाठी शिरोळ तालुका जवळ आहे. जयसिंगपूर, कोंडिग्रे भागात हरितगृहांची शेती आहे आणि महिनाभर रोजची ठरावीक मागणी देऊ शकलात तर तिथून थेट माल घेण्याचं बोलता येतं. पण पहिले दोन महिने एकाच फुलवाल्याकडून घ्या. रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो 'आज नको, कालचा माल आहे' असं आपणहून सांगतो. दर पाडून घेण्यापेक्षा हे जास्त फायद्याचं आहे.

गुलाब घेताना फुलाच्या खालचा भाग चिमटीत धरून हलकं दाबा. कडक लागला पाहिजे. पोकळ, मऊ लागला की तो दोन-तीन दिवसांचा आहे, वरच्या पाकळ्या काढून ताजा केलेला. मात्र गोळीसारखी घट्ट मिटलेली कळीही नको. लवकर काढलेली कळी पुष्कळदा उमलतच नाही, मान टाकते. भेटीला द्यायचा गुलाब बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सुटलेला हवा. जरबेऱ्याचा मधला गोल बघा. बाहेरच्या दोन-तीन ओळींत पराग दिसत असेल तर फूल तयार आहे. मधला भाग अजून मिटलेला असेल तर फूल अपुरं आहे, देठ दुपारपर्यंत वाकणार. निशिगंधाच्या काडीवर खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वर कळ्या हव्यात. हारासाठी सिंगल, फुलदाणीसाठी डबल. ग्लॅडिओलस घेतलंच तर उभं न्या. आडवं ठेवलं की शेंडा वर वळतो आणि काडी वाकडी दिसते.

पावसाळ्यात झेंडू घेताना पोत्यात हात घालून तळाशी बघा. भिजलेला झेंडू वजनाला जड लागतो, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देता, आणि ढीग आतून गरम होऊन सकाळपर्यंत काळा पडतो. आणल्या आणल्या चादरीवर पातळ पसरा, पंखा लावा. पोतं बांधलेलं ठेवून झोपू नका.

पाणी: सगळं इथं ठरतं

बुके कसा बांधायचा हे व्हिडिओ बघून आठवड्यात जमतं. फुलं टिकवणं त्यानं जमत नाही, आणि गिऱ्हाईक परत येतं ते टिकलेल्या फुलांमुळे.

काडी कापली की तिच्या नळीत हवा शिरते. हवेचा बुडबुडा अडकला की वर पाणी चढत नाही आणि गुलाबाची मान वाकते. म्हणून बाजारातून आल्यावर पहिलं काम: प्रत्येक काडीचा खालचा दोन-तीन सेंटिमीटर भाग पाण्याखाली धरून तिरका कापायचा. पसरट भांड्यात पाणी घ्या, काडी बुडवा, पाण्यातच धारदार सिकेटरनं (झाडं छाटायच्या कात्रीनं) कापा आणि लगेच बादलीत ठेवा. बोथट कात्रीनं काडी चेंगरते आणि नळ्या बंद होतात, मग तिरकं कापून उपयोग नाही.

पाण्यात बुडणारी सगळी पानं काढा. बुडालेलं पान सडतं, पाणी गढूळ होतं, जंतू नळीत जाऊन बसतात. गुलाबाला बादलीत पंधरा ते वीस सेंटिमीटर पाणी द्या. जरबेऱ्याला मात्र पाच ते सात सेंटिमीटरच. त्याचा देठ पोकळ आणि लवदार असतो, खोल पाण्यात तो खालून कुजतो. एकाच बादलीत दोन्ही ठेवणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक.

गुलाबाच्या पाण्याचं घरगुती प्रमाण: एक लिटर पाणी, एक मोठा चमचा साखर, पाव चमचा लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड), पाव चमचा साधं ब्लीच. साखर हा फुलाचा खुराक, लिंबूसत्वानं पाणी चढायला सोपं जातं, ब्लीच जंतू मारतं. ब्लीच न टाकता नुसती साखर टाकलीत तर जंतूंनाच जेवण वाढल्यासारखं होईल. जरबेऱ्याच्या पाण्यात साखर नको, ब्लीचचे चार-पाच थेंब तेवढे.

मग फुलांना सावलीत दोन-तीन तास पाणी पिऊ द्या. पहाटे आणलेली फुलं त्याआधी बांधायला घेऊ नका. गडबडीत आणल्याबरोबर बांधलेला बुके दिसायला सारखाच दिसतो आणि चार वाजता मान टाकतो. तेव्हा तो पाहुण्यांच्या टेबलावर असतो.

थंड खोली नसेल तर घाबरू नका. उत्तरेकडची खोली, खिडकीला ओलं गोणपाट, कूलर एवढ्यावर वर्षभर निभतं. जुना काचेचा फ्रीज घेतलात तर सहा ते आठ अंशांवर ठेवा आणि आतल्या पंख्याचा वारा फुलांवर थेट येऊ देऊ नका. वाऱ्यानं पाकळ्यांच्या कडा वाळतात. ऑर्किड त्यात ठेवू नका, दहा अंशांच्या खाली त्यावर तपकिरी डाग पडतात. आणि घरचे आंबे किंवा केळी त्याच फ्रीजमध्ये कोणी ठेवली तर कार्नेशन रात्रीत मिटून जातात. पिकणाऱ्या फळांतून निघणारा वायू त्याला कारण. मेमध्ये हे घरातल्या सगळ्यांना एकदा नीट सांगून ठेवा.

गजऱ्याचं शास्त्र वेगळं. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी मिटलेल्या घ्या, पाणी पिळून काढलेल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि गजरा केळीच्या पानात बांधून द्या. कळ्या संध्याकाळी आपोआप उमलतात. उमललेल्या मोगऱ्यावर पाणी शिंपडलं की तो तपकिरी होतो, त्यामुळे स्प्रेची बाटली गजऱ्यापासून लांब.

रोजची पुडी, रोजचं भाडं

बुकेची मागणी लहरी असते. जागेचं भाडं दर महिन्याला असतंच. उपनगरात त्यावरचा उपाय म्हणजे पूजेच्या फुलांची पुडी, महिन्याच्या ठरावीक पैशांत. चाळीस-पन्नास घरं एकाच कॉलनीतली असली तर एक माणूस सकाळी सहा ते साडेसात फिरून सगळी संपवतो. ही फुलं आदल्या संध्याकाळी आणून निवडून ठेवा आणि पहाटे बाजाराला एकानं, पुड्यांना दुसऱ्यानं जायचं असं वाटून घ्या. एकाच माणसावर दोन्ही टाकली की पहिली फेरी हमखास उशिरा निघते.

पुडीत वार सांभाळायला हवा. सोमवारी बेल. मंगळवारी आणि चतुर्थीला दुर्वा, जास्वंद. गुरुवारी पिवळी शेवंती. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ मागणारी घरं वेगळी लिहून ठेवा. एकादशीला तुळस. मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या बायका गजरा, वेणी आदल्या दिवशीच सांगून ठेवतात. त्या दोन दिवशी बाजारातही दर चढे असतात, तेव्हा महिन्याचा दर ठरवताना ते धरा. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, त्या दिवसांत पुडीत दवण्याची एक काडी टाकली की काकी लोक शेजारच्या घराचाही नंबर आपणहून देतात.

पुडी कागदाची किंवा पानाची. दाराच्या कडीला दोऱ्यानं अडकवायची, जमिनीवर ठेवायची नाही. पूजेची फुलं जमिनीला लागलेली चालत नाहीत, आणि हे कोणी तोंडावर बोलत नाही, पुढच्या महिन्यापासून बंद करतात.

ऑर्डर घेताना

व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरावीक मजकूर तयार ठेवा आणि प्रत्येकाला तोच पाठवा: कोणाला द्यायची, त्यांचा मोबाइल, घरातला दुसरा एक नंबर, पूर्ण पत्ता, जवळची खूण, मजला, कोणती फेरी, प्रसंग कोणता, कार्डावर काय लिहायचं, पाठवणाऱ्याचं नाव सांगायचं की नाही, आधी फोन केला तर चालेल की नाही. दुसरा नंबर मागायला संकोच वाटतो, पण बंद दारासमोर उभं राहिल्यावर तोच कामाला येतो.

पत्त्याचे कोल्हापुरी पेच सांगायलाच हवेत. 'पाचवी गल्ली' एवढंच सांगितलं तर राजारामपुरीची की शाहूपुरीची हे विचारा. दोन्हीकडे आकड्यांच्या गल्ल्या आहेत आणि सांगणाऱ्याला वाटतं जगात एकच पाचवी गल्ली आहे. देवांच्या नावांच्या कॉलन्या तर प्रत्येक उपनगरात. 'साई कॉलनी' किंवा 'गणेश कॉलनी' म्हटलं की लगेच 'कुठली, पाचगावची का कळंब्याची?' उपनगरात प्लॉट नंबर पाटीवर असतोच असं नाही, त्यामुळे पाण्याची टाकी, मंदिर, तालीम, मंडळाचा फलक, पिठाची गिरणी अशी खूण घ्या. लोकेशन मागवताना ते पाठवणाऱ्याचं नको, जिथं द्यायचं तिथलं हवं. पुण्यात बसलेला मुलगा आईच्या वाढदिवसाला स्वतःच्या ऑफिसचं लोकेशन पाठवतो, हे दर आठवड्याला घडतं.

पोहोचवलेल्या प्रत्येक पत्त्याची वहीत एक ओळ लिहा: 'निळं फाटक, कुत्रं आहे, बेल बंद, वरच्या मजल्याला मागून जिना.' सहा महिन्यांनी ही वही तुमच्या गाडीपेक्षा मोलाची होते.

कार्डाचा मजकूर गिऱ्हाइकाला टाइप करून पाठवायला सांगा, फोनवर ऐकून लिहू नका. 'सुनिता' आणि 'सुनीता' यावरून माणसं दुखावतात. दोन कार्डं एकाच वेळी टेबलावर ठेवू नका; वाढदिवसाचं कार्ड दुखवट्याच्या फुलांवर गेलं तर ती चूक गावभर फिरते.

दुखवट्याची ऑर्डर सगळ्यांच्या आधी. अंत्ययात्रेचा हार किंवा पुष्पचक्र तासाभरात लागतं, तिथं फेऱ्यांचं वेळापत्रक बाजूला ठेवा. पांढरा निशिगंध, पांढरी शेवंती, चमकी नाही, रंगीत रिबन नाही, दुकानाचा स्टिकर तर अजिबात नाही. रक्षाविसर्जनाच्या दिवशी सकाळी लवकर फुलं लागतात, त्याचं आदल्या दिवशीच विचारून ठेवा. पैशाचं त्या दारात बोलू नका, ज्यानं सांगितलं त्याला दुसऱ्या दिवशी मेसेज करा.

दवाखान्यातल्या पेशंटसाठी ऑर्डर आली तर वॉर्ड कोणता ते विचारा. आयसीयूत फुलं आत नेता येत नाहीत. 'दादा, डिस्चार्ज झाल्यावर घरी देऊ या का?' असं सुचवलं की बहुतेकजण ऐकतात.

फूल मिळालं नाही तर काय, हे ऑर्डर घेतानाच ठरवा: 'रंग तोच ठेवू, फूल बदलावं लागलं तर आधी फोटो पाठवू.' प्रत्येक बुके निघण्याआधी त्याचा फोटो पाठवणाऱ्याला जातो, आणि त्याचा होकार आल्यावरच गाडी सुटते. दारात पोहोचल्यावर फोटो फुलांचा काढा. माणसाचा काढायचा तर विचारून.

बांधणी, थोडक्यात

बुके हातात फिरवत बांधायचा, प्रत्येक काडी एकाच दिशेला तिरकी, म्हणजे खालचे देठ पंख्यासारखे पसरतात. एका उंचीवर सुतळीनं घट्ट बांधा, टोकं पुन्हा कापा, ओला कापूस गुंडाळून लहान पिशवीत रबर लावा, मग कागद. जरबेऱ्याच्या देठाला पारदर्शक नळी किंवा पातळ तार लावली तर रस्त्यात मान मोडत नाही.

बास्केटचा हिरवा स्पंज, ज्याला बाजारात ओअ‍ॅसिस म्हणतात, तो पाण्यावर अलगद तरंगत ठेवा. मिनिटभरात स्वतःहून बुडतो. हातानं दाबून बुडवला की आत कोरडी पोकळी राहते आणि नेमकी त्या पोकळीतली फुलं सुकतात. एकदा काडी खुपसून काढलेलं भोक पुन्हा वापरू नका. वापरलेला स्पंज दुसऱ्या बास्केटला लावणं ही काटकसर अंगाशी येते. वेष्टन कागदाचं असावं. प्लास्टिकच्या पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये गुदमरलेल्या पाकळ्यांवर करड्या बुरशीचे डाग एका दुपारीत उमटतात.

दर कसा काढायचा

पुढचे आकडे पद्धत समजण्यापुरते. फुलांचा दर रोजचा रोज. समजा गुलाब १० रुपयांना पडला. दहा गुलाबांचे १००, जिप्सी आणि पाला २५, म्हणजे १२५. शंभरातली पंधरा फुलं वाया जाणार असं धरा आणि १२५ ला ०.८५ ने भागा: १४७. नवे लोक इथं १५ टक्के मिळवतात, ते कमी पडतं, कारण वाया गेलेल्या फुलांचे पैसे विकलेल्या फुलांतूनच निघायचे असतात. कागद, रिबन, कार्ड ३०. बांधायला पंधरा मिनिटं, तासाला ८० रुपये मजुरीनं २०. जाऊन-येऊन सहा किलोमीटरचं पेट्रोल १५, पोहोचवणाऱ्या पोरग्याची पंचवीस मिनिटं ३३. बेरीज २४५. हा बुके ३६० ला दिला तर ११५ उरतात, आणि त्यातून भाडं, वीज, फोन आणि चुकून फुकट पाठवावा लागलेला बुके निघायचा.

घरपोचचे पैसे वेगळे दाखवावेत की किमतीत मिळवावेत? उपनगरात किमतीत मिळवलेले बरे. 'डिलिव्हरी फ्री' म्हटल्यावर ३६० खुपत नाहीत, '३१० अधिक ५०' मात्र खुपतात. पैसे आधी, यूपीआयनं. दुखवटा सोडला तर उधारी फक्त रोजच्या पुडीला, तीही महिन्याच्या पाच तारखेपर्यंत.

गाडीवर

हँडलला अडकवलेला बुके तीन किलोमीटरच्या वाऱ्यात अर्धा वाळतो. स्कूटरच्या पायाजवळ दुधाचा क्रेट बसवा, त्यात पाच लिटरच्या लहान बादल्या, तळाला चार बोटं पाणी, वरून पातळ सुती कापड. बास्केट दोन-तीन किलोची असते आणि स्पीडब्रेकरवर कलंडते. खोक्यात बसवून भोवती चुरगाळलेला वर्तमानपत्राचा कागद ठासा. पाठवणाऱ्यानं फोनला परवानगी दिली असेल तर निघण्याआधी घरी विचारून घ्या, आणि 'सरप्राइज' असेल तर दुसऱ्या नंबरवर. दार बंद असेल तर दहा मिनिटं थांबा, शेजारी ठेवायची परवानगी घ्या, फुलं पाण्यात ठेवायला सांगा. न विचारता फाटकावर ठेवून आलात तर ऊन आणि शेळी यांपैकी कोणीतरी आधी पोहोचतं.

पाऊस आणि सण

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी फुलांच्या दराबरोबर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळीही बघायची. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. ३९ जवळ आली की बावड्याहून शिये आणि फुलेवाडीहून बालिंग्याकडच्या ऑर्डरी थांबवा. आर. के. नगरसारख्या उंचावरच्या भागात पाणी येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, आणि असं झालं की शिरोळकडून येणारा मालही थांबतो. त्या आठवड्यात आगाऊ पैसे घेऊन ठेवू नका, घेतले असतील तर मागायच्या आत परत करा.

नवरात्रात महाद्वार रोड आणि अंबाबाईच्या मंदिराभोवतीचा भाग वाहनांना बंद असतो, तिथून वाट काढायचा विचारच सोडा. दसरा आणि लक्ष्मीपूजनाच्या झेंडूची नोंदणी आठ दिवस आधी घ्या, पण किलोचा दर आज सांगू नका. 'त्या दिवशीच्या बाजारभावानं, अधिक एवढे रुपये' असं लिहून द्या. गणपती-गौरीत हार, मार्गशीर्षातल्या गुरुवारी सुटी फुलं आणि पाच प्रकारची पानं, लग्नसराईत बास्केट. पितृपक्षात बुके जवळजवळ बंद. ते पंधरा दिवस खरेदी निम्मी करा आणि गाडीची सर्व्हिसिंग करून घ्या.

कागदपत्रं

कामगार थोडेच असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्यानुसार ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिलाच आपण अजून 'गुमास्ता' म्हणतो. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. ताज्या कापलेल्या फुलांवर जीएसटी नाही. चॉकलेट, टेडी, फुलदाणी सोबत विकायला लागलात की हिशेब बदलतो, तेव्हा सीएला विचारा.

दिवस संपताना

साडेआठला शेवटची फेरी आली की उरलेली फुलं मोजून लिहा, प्रत्येक जातीची वेगळी. पंधरा दिवसांच्या या आकड्यांतून कोणत्या वारी काय कमी आणायचं ते कळतं. उरलेल्या गुलाबांची टोकं पुन्हा कापून नव्या पाण्यात. उरलेले जरबेरा उद्याच्या बुकेत घालू नका, सुट्या पाकळ्या म्हणून सजावटीला द्या किंवा सोडून द्या. पाला आणि पाकळ्या पिंपात खताला टाका, पण हिरवा स्पंज त्यात नको, तो कुजत नाही. बादल्या ब्लीचनं घासून पालथ्या घाला. ज्या बादलीचा आतून हात लावल्यावर बुळबुळीत स्पर्श होतो, ती धुतलेली नाही, कोणी काहीही म्हणो. मग फुलवाल्याला मेसेज: 'मामा, उद्या लाल तीन, फिका एक, जरबेरा दोन, निशिगंध वीस. पाचला येतो.'